झिपच्या पोटातलं १९८९ साल

लिनक्सवर केलेली झिप विंडोजवर उघडली की कधी नावांचा कचरा होतो, कधी फाईलच सापडत नाही. याचं मूळ बरंच जुनं आहे.

टार १९७९ च्या युनिक्समधलं, टेपसाठी बनवलेलं. मालक, परवानग्या सगळं नोंदवायचं. नावाला मात्र १०० बाइट. (युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ३३ चिन्हं!)

झिप फिल कॅट्झने १९८९ मध्ये डॉसच्या जगात आणलं. तिथे युनिक्ससारख्या परवानग्या नव्हत्याच. सेकंदांना ५ बिट, म्हणून वेळ २-२ सेकंदांच्या टप्प्यात. नावं कोड पेज ४३७ मध्ये, ज्यात देवनागरी नाही. नाव युटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारा बिट २००६ मध्ये ठरला. तोवर जो तो प्रोग्रॅम आपल्या अंदाजाने वाचायचा.

पण माझ्या मते खरी गोची फाईल सिस्टीमची. विंडोजला नावात कोलन चालत नाही, आणि फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या दोन फाईलींत एकीवर दुसरी बसते. सॅम्पलचा डेटा असाच जातो. म्हणून झिपसोबत चेकसमची यादी पाठवा. चेकसम मजकुरावरून निघतो, त्यामुळे नाव बिघडलं तरी फाईल ओळखता येते.