वरणगावची गोळी, कार्बाइनची वाट

धुळ्याहून नागपूरकडे निघालं की भुसावळ मागे पडतं आणि थोड्याच वेळात वरणगाव लागतं. केळीच्या या मुलखात १९६४ साली आयुध निर्माणी उभी राहिली. चीनच्या युद्धाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. इथे बंदुका बनत नाहीत, काडतुसं बनतात. आधी ७.६२ मिलिमीटरची, पुढे इन्सास रायफलीची ५.५६ची.

नाव होतं ते बंदुकीचं, काडतुसाला कोण विचारतो? पण आपल्या कार्बाइनचं घोडं अडलं ते काडतुसापाशीच.

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, जवळच्या लढाईची बंदूक. लष्कराकडे वर्षानुवर्षं होती ती ब्रिटिश स्टर्लिंगच्या घडणीची, ९ मिलिमीटरची, कानपूरला बनलेली. ऐंशीच्या दशकात पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेनं इन्सासची जुळणी आरंभली. रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन, तिन्हींना एकच ५.५६ बाय ४५चं काडतूस द्यायचं ठरलं. पुरवठ्याच्या दृष्टीनं हिशेब चोख होता. रायफल आणि मशीनगन मार्गी लागल्या, कार्बाइन मात्र लष्कराच्या पसंतीला उतरली नाही.

हे काडतूस हातात घेतलं तर जेमतेम करंगळीएवढं भरतं. पण त्यातली दारू नीट जळायला नळी लांब लागते. नळी कापली की उरलेली दारू तोंडाशी भडकते, आवाज कानठळ्या बसवतो आणि गोळीचा वेगही घटतो. अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या जवानाचे डोळे स्वतःच्याच बंदुकीनं दिपावेत, असला प्रकार.

मग एआरडीईनं गोळीलाच हात घातला. पितळी केस ४५ मिलिमीटरवरून ३०वर आणली, म्हणजे करंगळीच्या पेराहून थोडी कमी कापली. या गोळीची कार्बाइन पुढे जेव्हीपीसी म्हणून ओळखली गेली. वजन ३ किलोच्या आसपास, पल्ला १०० मीटरहून जास्त. बंदूक कानपूरची, काडतूस खडकीचं. वरणगावचा इथे संबंध नाही, हे खानदेशी माणसाला जरा खटकतंच. लष्कराच्या शेवटच्या चाचण्या ती ७ डिसेंबर २०२० रोजी उत्तीर्ण झाली.

लष्कर तोवर हात बांधून बसलं नव्हतं. २०१८मध्ये ९३,८९५ कार्बाइनसाठी अमिरातीतली एक कंपनी निवडली गेली आणि २०२०मध्ये तो व्यवहारच गुंडाळला गेला. इतकी वर्षं घालवून पुन्हा शून्यावर!

१ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, शेजारची १९४९ची भुसावळ निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. एकाच तालुक्यातल्या दोघी जावा, आता चूल वेगळी.

२०२५मध्ये नव्या कार्बाइनसाठी सर्वांत कमी दराची निविदा ठरली पुण्याच्या भारत फोर्जची. आराखडा एआरडीईचाच. गोळी मात्र ३०ची नाही, पुन्हा ५.५६ बाय ४५. म्हणजे वरणगावच्या ओळखीची.