कौलावरचं १८६५

मे महिन्यात अंजनवेलच्या घरी शाकारणीला गेलो, तर काका म्हणाले, "कौलं काढून सपाट पत्रा घालू. दरवर्षी वर कोण चढणार?"

खाली उतरवलेल्या एका कौलावर शिक्का होता : बेसल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मला वाटलं, घर एवढं जुनं! पण ते कारखाना सुरू झाल्याचं साल. बेसल मिशन ही स्वित्झर्लंडची मिशनरी संस्था. तिच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळुरात नेत्रावतीकाठच्या मातीतून कौलं पाडायला सुरुवात केली. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना मात्र फ्रान्सची : आल्सासच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे आमचं कौल बहुधा त्याआधीचं.

गंमत अशी, की कौल परदेशी घडणीचं आलं, पण छपराचा आकार इथलाच राहिला. गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेल्या घरांचा होता तोच : मधे आढं, चारी बाजूंना उतरत्या पाखी, कोपऱ्यात कोनवासे आणि भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; मातीने लिंपलेल्या भिंती त्या वळचणीमुळेच टिकतात.

मी कोड लिहिणारा, तरी कॉलेजातलं थोडं आठवतं. वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर ओढतोही. उतार अगदी कमी असेल तर ही ओढ वाढते. चौपाखी छपराला वारा अडवणारी उंच त्रिकोणी भिंत नसते, आणि कौलांमधल्या फटींतून आतबाहेरचा दाब थोडा सारखा होतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात कौलंही उडाली आणि पत्रेही. पण कौलं चार-दोन करून जातात, पत्रा गेला तर अख्खा जातो.

काकांचा मुद्दाही खोटा नाही. कौलं परतणारी माणसं मिळत नाहीत आणि त्यांचे गुडघे दुखतात. शेवटी ठरलं : मागच्या पडवीला पत्रा, चार पाखी तशाच. अट एकच, दर मे महिन्यात मी यायचं.

यंदा फुटलेली सतरा कौलं मी बदलली. शिक्क्याचं कौल पुन्हा वर चढवलं.