कृत्रिम मूत्रपिंड आणि सरकारी तिजोरी



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडी थट्टाच झाली. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार हे रोजचे विषय सोडून हा गृहस्थ मूत्रपिंडावर काय बोलणार, असे मित्रांनी विचारले. त्यांचे विचारणे रास्त होते. मी डॉक्टर नव्हे. दहावीला शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिकलो ते रात्रपाळी संपवून वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु एका पगारकरारावर मी सही केली आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मानगुटीवर बसला आहे. त्या कराराची हकिगत मी शेवटी सांगणार आहे. ती नीट कळावी म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो.

आपल्या शरीरातले मूत्रपिंड रक्तातली घाण आणि जादा पाणी रात्रंदिवस बाहेर काढीत असते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली की ते विष अंगात साठते आणि माणूस थोड्याच दिवसांत दगावतो. डायलिसिस म्हणजे हेच काम शरीराबाहेर यंत्राने करणे. रक्त नळीवाटे बाहेर घ्यायचे, पातळ पडद्याच्या गाळणीतून न्यायचे आणि शुद्ध करून परत अंगात सोडायचे. एका वेळेला सुमारे चार तास, आठवड्यातून साधारण तीन वेळा, आणि मूत्रपिंडाचे रोपण झाले नाही तर जन्मभर. याचा अर्थ असा की ह्या रोग्याला आयुष्य हप्त्याहप्त्याने मिळते. म्हणून त्या हप्त्याचे पैसे कोण भरतो, हा त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

हे यंत्र प्रथम उपयोगात आणले विलेम कोल्फ ह्या डच डॉक्टराने. साल १९४३. हॉलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. कांपेन ह्या छोट्या गावी त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली आणि ते पिंप द्रावणात फिरवून रक्त शुद्ध केले. ही नळी सॉसेजच्या वेष्टणासाठी वापरली जाई. पहिले बहुतेक रोगी वाचले नाहीत. १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली, आणि यंत्र खरे ठरले. तथापि त्याचा उपयोग मूत्रपिंड तात्पुरते बंद पडलेल्यांनाच होई. दर खेपेला रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि माणसाच्या अंगावर रक्तवाहिन्या असून असून किती असणार?

ही अडचण सुटली १९६० साली, अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी. बेल्डिंग स्क्रिब्नर ह्या डॉक्टराने टेफ्लॉनची वाकडी नळी रोग्याच्या हातात कायमची बसवली. पहिला रोगी होता क्लाइड शिल्ड्स. यंत्रावर काम करणारा, तुमच्याआमच्यातला कामगार माणूस. जो आठवड्या-दोन आठवड्यांचा सोबती होता, तो त्यानंतर अकरा वर्षे जगला.

आता खरा पेच उभा राहिला. औषध नसते तेव्हा माणूस दैवाला दोष देऊन गप्प बसतो. औषध आहे पण खाटा मोजक्या आहेत, असे झाले की दैवाची सबब चालत नाही. कोणी तरी निवड करावी लागते. १९६२ च्या प्रारंभी सिअ‍ॅटलला कृत्रिम मूत्रपिंडाचे केंद्र सुरू झाले. एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांहून अधिक. सरकारचा पाठिंबा नव्हता, देणग्यांवर सारे चालायचे. तेव्हा निवडीसाठी सात नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. आधी डॉक्टरांनी प्रकृती पाहून रोगी चाळायचे आणि उरलेल्यांतून कोणाला यंत्र द्यायचे ते समितीने ठरवायचे. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक शस्त्रवैद्य आणि एक कामगारपुढारी, असे हे सातजण. त्यांची नावे गुप्त ठेवलेली, आणि रोग्यांची नावे त्यांनाही सांगितली जात नसत. रोग्याचे वय काय, लग्न झाले आहे का, पोरे किती, मिळकत किती, शिक्षण किती, प्रार्थनामंदिरात जातो का, पुढे समाजाच्या किती उपयोगी पडेल, असल्या गोष्टींचा तिथे विचार होई. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाने हा प्रकार छापला आणि देशभर खळबळ उडाली.

मित्रहो, त्या सातांतला कामगारपुढारी माझ्या मनातून जात नाही. समोर दोन कागद आहेत. एकावर चार मुलांचा सुतार, दुसऱ्यावर एकटी राहणारी धुणेवाली. खाट एकच आहे. मी त्या खुर्चीत असतो तर सुताराकडे बोट केले असते, आणि रात्री घरी जाऊन त्या बाईचा विचार करीत जागा राहिलो असतो. ते सातजण दुष्ट नव्हते. पैसा अपुरा ठेवणाऱ्या व्यवस्थेने आपले काम त्यांच्या अंगावर टाकले होते, इतकेच.

ही समिती कशाने गेली? कायद्याने. अमेरिकेत १९६५ साली पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी ‘मेडिकेअर’ नावाचा सरकारी आरोग्यविमा आला होता. मूत्रपिंडाच्या रोग्यांनाही तो मिळावा म्हणून रोग्यांच्याच संघटनेने चळवळ चालवली. नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर हा रोगी विधिमंडळाच्या एका समितीपुढे डायलिसिसचे यंत्र जोडून घेऊनच साक्षीला बसला. मोर्चे, धरणी आम्हीही पुष्कळ केली. पण स्वतःचे रक्त यंत्रातून फिरत असताना दिलेले निवेदन मी दुसरे ऐकलेले नाही. ३० सप्टेंबर १९७२ रोजी सेनेटर व्हान्स हार्टके यांनी दुरुस्ती मांडली. सुमारे अर्धा तास चर्चा झाली आणि ५२ विरुद्ध ३ मतांनी ती संमत झाली. ३० ऑक्टोबरला अध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि १ जुलै १९७३ पासून कायदा अंमलात आला. वयाची अट उडाली. ज्याने किंवा ज्याच्या घरच्यांनी पुरेसा काळ काम करून विम्याची वर्गणी भरली आहे, अशा जवळजवळ प्रत्येक रोग्याचा भार सरकारने उचलला. प्रारंभी सुमारे दहा हजार रोगी होते. आज त्या देशात डायलिसिसवर जगणारांची संख्या पाच लाखांच्या पुढे आहे.

इथे गोष्ट संपती तर बरे झाले असते. परंतु कामगाराला ठाऊक असते की पगार किती हा एक प्रश्न, आणि पगार कसा मोजतात हा दुसरा. नगावर मजुरी मिळाली तर माणूस नग वाढवतो, उक्ते काम मिळाले तर ते लवकर उरकतो. इस्पितळेही ह्या नियमाला अपवाद नाहीत.

१९७३ पूर्वी अमेरिकेतले दहांपैकी सुमारे चार रोगी घरीच यंत्र ठेवून डायलिसिस करीत. नव्या कायद्याने केंद्रात केलेल्या उपचाराचे पैसे सुखाने मिळू लागले, पण घरच्या उपचारातला बराच खर्च रोग्याच्याच अंगावर राहिला. शिवाय अधिक वयाचे, अधिक थकलेले रोगीही येऊ लागले. परिणामी घरी उपचार घेणारांचे प्रमाण झपाट्याने घसरले. ते सावरण्यासाठी १९७८ साली पुन्हा कायदा करावा लागला.

१९८३ पासून सरकारने एका डायलिसिसला सुमारे १३० डॉलर असा ठोक दर ठरवला. हा दर पुढे वर्षानुवर्षे महागाईप्रमाणे वाढलाच नाही. मग केंद्रांनी काटकसर कुठे केली? उपचाराचे तास आखडले, एकदा वापरायची गाळणी धुऊन पुन्हा पुन्हा वापरली जाऊ लागली, शिकलेल्या परिचारिकांच्या जागी कमी शिकलेले मदतनीस आले. थोड्या माणसांत तेच उत्पादन काढणे आपण गिरणीत पाहिले, कारखान्यात पाहिले. तेच रोग्याच्या खाटेशी घडले.

याहून बोलके उदाहरण एका इंजेक्शनचे आहे. ह्या रोग्यांचे रक्त कमी होते, त्यावर एरिथ्रोपोएटिन नावाचे औषध १९८९ साली अमेरिकेत आले. प्रथम सरकारने ठरवले की दहा हजार युनिटांच्या आतला डोस कितीही असो, चाळीस डॉलर मिळतील. साहजिकच डोस लहान राहिले. १९९१ मध्ये नियम बदलला आणि दर हजार युनिटांना अकरा डॉलर मिळू लागले. डोस वाढत गेले. पुढे २००६ सालच्या संशोधनात दिसून आले की ह्या औषधाने रक्त फार वर चढवल्यास हृदयाला धोका पोचतो. २००७ मध्ये सरकारने कडक इशारा दिला. मग २०११ पासून उपचार आणि औषधे मिळून एकच ठोक रक्कम देण्याची पद्धत आली, तेव्हा इंजेक्शन ही कमाईची बाब न राहता खर्चाची बाब झाली. डोस एकदम उतरले आणि बाहेरून रक्त चढवण्याचे प्रसंग वाढले. रोगी तोच, औषध तेच. पण बिलाचे कलम बदलले की त्याच्या शिरेत जाणारे माप बदलले.

आता आपल्या घरी येऊ. कामगार राज्य विमा, ज्याला आपण सारे ईएसआय म्हणतो, त्याचा कायदा १९४८ चा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि पुढे आपल्याकडेही आली. महाराष्ट्र सरकारने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काढली, नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड हा तिचा मुख्य आधार होता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार नव्या रोग्यांची भर पडते, असा त्या वेळचा सरकारी अंदाज होता. जिल्हा रुग्णालयाने जागा, वीज, पाणी द्यायचे, खाजगी भागीदाराने यंत्रे आणि माणसे आणायची, आणि दारिद्र्यरेषेखालच्या रोग्याला उपचार फुकट मिळायचा, अशी ती रचना. ह्या योजनांनी पुष्कळ जीव वाचवले आहेत आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. पण प्रत्येक योजनेला एक रेघ असते, आणि रेघेवर नेमका कोणी तरी उभा असतो.

आता त्या कराराची हकिगत. २०१३ च्या उन्हाळ्यात एका कारखान्यात आम्ही तीन वर्षांचा करार केला. वाढ चांगली मिळाली. गेटवर गुलाल उडाला, मला हार घातले. त्या कारखान्यात एक फिटर होता, आठवड्याला तीन डायलिसिस ईएसआयच्या खर्चाने घेणारा. ईएसआयची पगारमर्यादा तेव्हा पंधरा हजार होती. आमच्या वाढीने त्याचा पगार सोळा हजारांवर गेला. नियमाप्रमाणे जी मुदत शिल्लक होती तेवढी त्याला मिळाली. पुढच्या जूनअखेर ती संपली. राज्याच्या योजनेत जावे तर केशरी कार्डाला वर्षाच्या एक लाख उत्पन्नाची मर्यादा, आणि त्याचे उत्पन्न त्याच्या जवळजवळ दुप्पट. एका दाराने तो बाहेर पडला आणि दुसऱ्या दाराने त्याला आत घेतले नाही. वाढ मिळाली होती अडीच हजारांची. बाहेर एका डायलिसिसलाच दोन हजारांच्या आसपास लागत. आम्ही वर्गणी काढली, फंडाचे कर्ज काढले. तिनाच्या दोन खेपा झाल्या, दोनाची एक झाली. २०१५ च्या श्रावणात तो गेला.

दिवसकार्यानंतर त्याची बायको मला म्हणाली, ‘‘भाऊ, तुम्ही आमच्या भल्याचंच केलंत. पण सही करण्याआधी एकदा आम्हाला विचारायला हवं होतं.’’

यापुढे ती काही बोलली नाही. मीही बोलू शकलो नाही. सिअ‍ॅटलच्या त्या कामगारपुढाऱ्याने निदान कागद वाचून निवड केली होती. मी न वाचता केली.

१ जानेवारी २०१७ पासून ईएसआयची मर्यादा एकवीस हजार झाली. जुलै २०२४ पासून राज्याची योजना कार्डाच्या रंगाचा विचार न करता सर्व कुटुंबांना लागू झाली आणि तिची रक्कम पाच लाखांपर्यंत गेली. तो जगता तर ह्या दोन्हींत बसला असता. कायदा सुधारतो, पण डायलिसिसच्या रोग्याला त्याची वाट पाहायला दोन आठवडेही नसतात.

तेव्हापासून आमच्या युनियनने एक रीत पाडली आहे. मागणीपत्र करण्याआधी आम्ही पगाराच्या रेघेजवळची माणसे एकेक करून मोजतो, त्यांच्या घरी कोण आजारी आहे ते विचारतो, आणि रेघ ओलांडणाराला कंपनीने विमा दिलाच पाहिजे हे कलम वाढीच्या कलमाआधी लिहितो. त्यापायी एकदा वाढीतले काही रुपये सोडावे लागले. पोरांनी कुरकूर केली. मी त्यांना ह्या फिटरची गोष्ट सांगितली.

आपण नागरिकांनीही एवढे करावे. आरोग्याची नवी योजना जाहीर झाली की आकड्यावर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. जुन्या योजनेतून कोण गळतो? नव्या योजनेत जाईपर्यंत मधल्या दिवसांचे पैसे कोण भरतो? आणि इस्पितळाला पैसे कशाच्या मोजणीने मिळतात, खेपेवर, औषधावर की रोगी धडधाकट राहण्यावर? सिअ‍ॅटलचे सातजण बंद दाराआड बसत. आपल्याकडच्या रेघा सरकारी निर्णयात छापून येतात आणि कोणालाही वाचता येतात. त्या आपण वाचत नाही, मीही वाचल्या नव्हत्या.