भीतीचा पत्ता

भीतीचा इतिहास लिहिणे अवघड असते, कारण भीती कागदावर फारशी उतरत नाही. स्वाऱ्या, तह, दुष्काळ, सारामाफी यांची नोंद राहते. पण तिन्हीसांजेला पाणवठ्याच्या वाटेने एकटी जायला कचरणाऱ्या बाईची नोंद कोणी ठेवावी? माणसाच्या खाजगी भीती त्याच्याबरोबरच संपतात, असे आपण धरून चालतो. तरीही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोकणपट्टीत अशी एक नोंद झाली. आज जिथे नवी मुंबई उभी आहे तो भाग ज्या दोन जिल्ह्यांत होता, ते दोन्ही जिल्हे त्या नोंदीत आहेत. बेलापूरची पट्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पनवेल आणि उरण कुलाबा जिल्ह्यात. या नोंदीकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पुन्हा एकदा पाहावे, असे आम्हांला वाटते.

नोंद करवून घेणारा माणूस मराठी वाचकाला वेगळ्याच संदर्भात ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्याच्यावर गोळ्या झाडल्या, तो कलेक्टर जॅक्सन. शाळेच्या पुस्तकातला जॅक्सन तिथेच संपतो. परंतु हा संस्कृत जाणणारा गृहस्थ लोकसमजुतींचाही संग्राहक होता. त्याने एक प्रश्नावली तयार करून मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागविली होती. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ती उत्तरे लावून छापली. त्यांतला कोकणाचा खंड १९१५ साली निघाला आणि पुढे १९२४ मध्ये याच सामग्रीच्या आधारे एन्थोवेन यांनी मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या संग्रहातला भुतांचा भाग करमणुकीसाठी वाचता येतो, आणि बहुधा तसाच वाचला जातो. पण तो जरा सावकाश वाचला तर त्यात एक तक्ता दिसू लागतो. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा. त्याची वस्ती पिंपळावर. बाळंतपणात बाई गेली, तर ती हडळ किंवा अळवंतीण. धनात, वाड्यात जीव अडकून माणूस गेला, तर तो समंध. पाण्यात राहून माणसाला आत ओढणारा तो गिऱ्हा, आणि रात्रीच्या प्रवाशाला एकाच जागी फिरवीत ठेवणारा तो चकवा. ही नावे मोल्सवर्थच्या कोशातही विखुरलेली सापडतात; मास्तरांच्या उत्तरांत ती एकत्र येतात एवढेच.

हा तक्ता कशाचा आहे? आमच्या मते तो अकाली मृत्यूंचा आहे. ज्या समाजात बाळंतीण दगावणे ही नित्याची गोष्ट होती, तिथे हडळीची भीती निर्माण झाली. ज्या घरात वंश चालणे हेच जगण्याचे प्रयोजन मानले गेले, तिथे मुंजाची आणि समंधाची. जिथे गावाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला भातखाचरे, तिथे पाण्याची आणि अंधाऱ्या बांधावर वाट चुकण्याची. प्रत्येक भुतामागे एक अपुरे राहिलेले आयुष्य आहे. त्या आयुष्याची हळहळ उघडपणे बोलता येत नसे, म्हणून ती भीतीच्या रूपाने बोलली जात असावी. बाळंतिणीच्या मरणाला नवरा, सासू, सुईण यांपैकी कोणालाच जाब विचारता येत नव्हता. मेलेली बाई मात्र हडळ होऊन साऱ्या गावाला जाब विचारू शकत होती.

या भीतीला आणखी दोन गोष्टी होत्या: पत्ता आणि उतारा. अमुक पिंपळ, अमुक तिठा, वेशीबाहेरची अमुक विहीर असा तिचा नेमका पत्ता होता. त्यामुळे उरलेले गाव निर्भय राहात असे. उताराही ठरलेला होता: नारळ, अंगारा, ग्रामदेवतेला लावलेला कौल, ज्या घरांत पाठांतराची परंपरा होती तिथे दिवेलागणीची रामरक्षा आणि मारुतिस्तोत्र. खाडीकाठचे कोळी आजही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तेव्हा दर्याचे भय नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही. भय आहे हे सगळ्यांनी मिळून कबूल करायचे, आणि मग होड्या लोटायच्या. भित्रा ठरण्याची लाज त्यात नाही, कारण भिणारा एकटा नाही.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. भीतीला पत्ता देणारा समाज कधीकधी तो पत्ता जिवंत माणसाच्या घराचा देतो. पोर आजारी पडले, गाय आटली, की एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या बाईला चेटकीण ठरवायचे, ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू. गावाची भीती हलकी झाली तरी तिचा भार त्या बाईने वाहिला. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर, हे विसरून लोकविद्येवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता दुसऱ्या नोंदवहीकडे वळू. जॅक्सनच्या मास्तरांनी उत्तरे लिहिण्याच्या काही दशके आधी, १८७१ साली, बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या मनोविकारतज्ज्ञाने एका नव्या विकाराचे वर्णन केले. त्याचे काही रुग्ण, एरवी धडधाकट पुरुष, शहरातला मोकळा चौक एकट्याने ओलांडू शकत नव्हते. पाय थिजत, छाती धडधडत असे. सोबतीला कोणी असले, की मात्र तोच चौक ते पार करीत. वेस्टफालने या भीतीला ‘अगोराफोबिया’ असे नाव दिले. पुढे १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या कामिलो सिट्टे याने नगररचनेवरील आपल्या ग्रंथात या विकाराचा उल्लेख केला तो आधुनिक शहरांच्या अवाढव्य, रिकाम्या चौकांकडे बोट दाखवून. दोष माणसाच्या मनाचा की चौकाच्या मापाचा, हा प्रश्न त्याने त्या काळात उपस्थित केला.

वेस्टफालचा रुग्ण आणि चकव्यात सापडलेला कोकणातला प्रवासी यांचा अनुभव किती जवळचा आहे! उघडी जागा, दिशा सुटणे, पाय न उचलणे, आणि कोणी सोबत मिळताच सुटका. फरक आहे तो कारण कुठे ठेवले यात. चकव्याच्या गोष्टीत कारण त्या जागेत असते. माणूस शहाणाच असतो, जागा वाईट असते. फोबियाच्या भाषेत जागा निर्दोष ठरते आणि कारण माणसाच्या आत जाते. मराठीने ‘फोबिया’साठी ‘भयगंड’ हा शब्द घडविला, त्यातही गाठ आतलीच आहे. या बदलाने मोठा लाभ झाला, हे निःसंशय. आतली गाठ हळूहळू सोडवता येते. ज्याची भीती वाटते त्याला थोडेथोडे सामोरे जाण्याची उपचारपद्धती जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात मांडली, आणि तिने असंख्य माणसांना लिफ्ट, पूल, विमान, गर्दी यांच्या धास्तीतून बाहेर काढले आहे. शिवाय या भाषेत कोणा शेजारणीला चेटकीण ठरवावे लागत नाही. पण एक गोष्ट हातची गेली. आतली भीती ज्याची त्याला एकट्यालाच वाहावी लागते.

या दोन्ही भाषा एकाच भूमीवर एकमेकींना भिडलेल्या पाहायच्या असतील, तर नवी मुंबईसारखे ठिकाण नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची जमीन नव्या शहराच्या आखणीत आली. १९७३ मध्ये खाडीवर पहिला पूल झाला, १९९२ मध्ये रेल्वे वाशीला पोहोचली. वेस, तिठा, पाणवठा यांच्या जागी नोड, सेक्टर आणि भूखंड क्रमांक आले. गावठाणे सेक्टरांच्या मधोमध शिल्लक आहेत, त्यांतली देवळेही आहेत. पण विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला अमुक पिंपळाखालून जाऊ नये हे सांगणारे कोणी उरले नाही. त्याची भीती आता लिफ्टमध्ये असते, बंद दाराच्या कुलपात असते, लोकल खाडीपुलावर आली की घट्ट धरलेल्या दांडीत असते. आणि शेजारच्या प्रवाशाला तिचा पत्ता नसतो.

इथे आणखी एक सावधगिरी हवी. भीती ‘निराधार’ आहे हे ठरवितो कोण? २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत प्लेग पसरत असताना गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, ही त्यांची भीती अडाणीपणाची म्हणून नोंदली गेली. पण सक्तीने घरातून उचलून नेले जाण्याच्या भयाला अनुभवाचा आधार होताच. याच नव्या शहराच्या आखणीत जमीन गेल्यावर आपले काय होईल, ही भीती इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के परतावा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. या भीतीला ना भूत म्हणता येते, ना भयगंड. म्हणून कोणाच्याही भीतीला नाव देण्याआधी, ती काय पाहून निर्माण झाली हे विचारणे इतिहासकाराचे, आणि वाचकाचेही, कर्तव्य आहे.

या बाबतीत आपली भाषा आपल्यापेक्षा समंजस आहे. पोटात गोळा येतो, बोबडी वळते, धाबे दणाणते, धसका बसतो. मराठी वाक्प्रचार भीती खरी की खोटी याचा निवाडा करीत नाहीत. ती अंगावर कशी उतरली एवढेच सांगतात. ‘पाचावर धारण बसली’ म्हणताना तर आपण नकळत धान्याच्या भावाची भाषा बोलतो, कारण धारण म्हणजे बाजारभाव. महागाईच्या काळजीने हबकलेल्या कोणा पिढीची भीती त्या शब्दांत साठली आहे, आणि अर्थ ठाऊक नसतानाही आपण ती वापरतो.

जॅक्सनची प्रश्नावली परक्या राज्यकर्त्याची होती. तिला उत्तरे देणारे मास्तर मात्र आपले होते, आणि आपल्याच गावातल्या भीती लिहून काढताना त्यांनी त्यांची चेष्टा केली नाही. आज वाशी, नेरूळ, पनवेलच्या महाविद्यालयांतील मराठीच्या वर्गांनी तशी एक प्रश्नावली नव्याने करावी, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. प्रश्न तीनच पुरेत: एकट्याने कुठे जाववत नाही? जावेच लागले तर सोबत कोणाला घेता? आणि ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली आहे? तिसऱ्या प्रश्नाखालच्या किती ओळी कोऱ्या राहतात, तेही मोजून ठेवावे.