खिचडी आठवीपर्यंत, भूक त्याच्यापुढे

आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांमधल्या बहुतेक पोरांचं असं होतं : सातवीनंतर शाळा लांब जाते, आठवीनंतर शाळेतलं जेवण बंद होतं. पोलादपूरकडची सकाळची एसटी पकडायची तर साडेसहाला घर सोडावं लागतं. पोटात कोरा चहा आणि चार बिस्किटं. आईने डबा दिला तर भात-आमटी नाहीतर भाकरी-सुकट, नाही दिला तर स्टँडवरचा वडापाव किंवा पाच-दहा रुपयांचं चिप्सचं पाकीट. संध्याकाळी घरी येईपर्यंत तेवढंच.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. आठवीतच का थांबलं? तेरा-चौदाव्या वर्षी मुलांची भूक कमी होते असं तर कुठल्याच आईला वाटत नाही. मग हा आकडा आला कुठून? म्हणून थोडा इतिहास चाळला, तो इथे मांडतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्या घाटाच्या पलीकडे सातारा जिल्हा. तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला. लक्ष्मीबाईंनी या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, हे आपण भाषणांत ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि विसरतो. पण त्यातला हिशेब बघा. खेड्यातलं पोर पुढे शिकायचं तर आधी दोन वेळचं जेवण लागतं, हे कर्मवीरांना कळलं होतं. त्याच सुमारास बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे हायस्कूल आणि स्वयंपाकघर या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जात नव्हत्या.

मग सरकार आलं, आणि सरकारबरोबर 'चौदा' हा आकडा आला. राज्यघटनेच्या 45 व्या कलमात चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापुरताच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातही शाळेतलं मोफत जेवण आठवीपर्यंत किंवा सहा ते चौदा वयापर्यंतच. हा आकडा शिक्षणाच्या सक्तीतून आलाय, शरीराच्या गरजेतून नाही. पोषणाची योजना शिक्षणाच्या कुंपणात बांधली गेली आणि कुंपण आठवीला संपलं.

यातला एक टप्पा माझ्या घरातून गेलाय. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची योजना आली, ती दोन-तीन वर्षांत देशभर पोचली. तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. 80 टक्के हजेरी असली की प्राथमिकच्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ. मी हायस्कूलला, धाकटी बहीण प्राथमिकला. तांदूळ तिच्या नावाचा, पण शिजायचा एकाच टोपात, आणि खरं सांगायचं तर त्यातला मोठा वाटा मीच खायचो.

28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या असा आदेश दिला. तो योग्यच होता. कोरडा तांदूळ मुलाच्याच पोटात जाईल याची खात्री नव्हती, आणि पंगतीचे फायदे वेगळेच. पण त्यामुळे घरातल्या थोरल्याला आडवाटेने मिळणारा घासही गेला, याची नोंद कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढे 2008 पर्यंत सहावी ते आठवीला जेवण मिळालं. 2021 मध्ये योजनेचं नाव बदलून पीएम पोषण झालं. इयत्ता आहे तिथेच.

आता शरीराचं बघू. 'आयसीएमआर'च्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे 13 ते 15 वयाच्या मुलाला दिवसाला 2860 किलोकॅलरी लागतात, मुलीला 2400. आठवीत शाळेच्या ताटातून यातल्या 700 किलोकॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. पुढच्या जूनमध्ये तोच मुलगा नववीत बसतो आणि शाळेच्या वाट्याचा आकडा शून्य.

"पण आता पोरं जाड व्हायला लागलीत" असं कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच लिहितो. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयातली 24 टक्के मुलंमुली वयाच्या मानाने बारीक निघाली, 5 टक्के जादा वजनाची. आणि त्याच सर्वेक्षणात दहातला एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होता. हे कोडं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आधीच उलगडायला घेतलं होतं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. दिसायला बारीक आणि आतून चरबी. अशा अंगाला डाळ, अंडं, शेंगदाणे लागतात. चिप्सच्या पाकिटाने पोट भरतं, स्नायू होत नाहीत.

सरकारला नववी-दहावीची मुलं दिसत नाहीत असंही नाही. 2013 पासून शाळांमध्ये आरोग्य तपासणी होते, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन-उंची लिहिली जाते. सहावी ते बारावीला आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. गोळी जेवणानंतर घ्यायची असते. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत. म्हणजे पास बारावीपर्यंत, गोळी बारावीपर्यंत, ताट फक्त आठवीपर्यंत!

हे जमत नाही असं नाही. तामिळनाडूने 1984 मध्येच दहावीपर्यंत जेवण नेलं. कर्नाटक राज्याच्या पैशातून नववी-दहावीला देतं. त्यामुळे बेळगाव-निपाणीकडे अनुदानित हायस्कूलमधलं मराठी पोर दहावीत गरम जेवतं आणि आपलं पोर, त्याच वयाचं, पाण्याची बाटली घेऊन नळावर जातं.

आमच्याकडच्या बऱ्याच हायस्कुलांत पाचवी ते दहावी एकाच इमारतीत भरते. शेगडी आहे, टोप आहे, बाई आहे. एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारलं, नववीची पोरं मधल्या सुट्टीत काय करतात? म्हणाल्या, "धा मिनटं लांब उभी राहतात. लहान पोरांचं वाढून झालं की ताटली घेऊन येतात. काकू, उरलंय का?"