काच आणि रेझिन: फायबरच्या होड्यांची बांधणी

फायबरच्या होडीची ताकद काचेच्या तंतूंत असते. रेझिन त्यांना बांधून ठेवते. त्यामुळे कमीत कमी रेझिनमध्ये जास्तीत जास्त काच कशी बसवायची, याच प्रश्नाभोवती या बांधणीचा इतिहास फिरतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात काचतंतू कारखान्यात निघू लागले. पॉलिएस्टर रेझिन हाती येताच ओहायोतील रे ग्रीन यांनी १९४२मध्ये काच आणि रेझिनची छोटी होडी बनवली.

सुरुवातीची रीत हाताची. साच्याला मेण चोळायचे, जेलकोट म्हणजे बाहेरचा रेझिनचा थर मारायचा, त्यावर आखूड काचतंतूंची मॅट अंथरून ब्रशने रेझिन पाजायचे. पांढरी मॅट भिजली की पारदर्शक होते. जिथे पांढुरके ठिपके उरतात तिथे हवा अडकलेली असते. ती खाचांच्या रोलरने रेटून बाहेर काढावी लागते. कारागिराची खरी परीक्षा इथेच होते. मात्र नुसत्या मॅटच्या थरात वजनाने जेमतेम एक तृतीयांश काच भरते. विणलेले रोव्हिंग म्हणजे तंतूंच्या जाड जुडग्यांचे कापड वापरले तर निम्म्यापर्यंत. म्हणून या होड्या जड होतात, पण रीत कमकुवत नाही. ब्रिटिश नौदलाची ४६ मीटर लांबीची सुरुंगविरोधी नौका ‘विल्टन’ १९७३मध्ये सेवेत आली, तीही हातानेच थर चढवून बांधलेली.

पुढे आलेल्या चॉपर गनने काम झटपट होऊ लागले. तुकडे केलेले तंतू आणि रेझिन एकदमच साच्यावर फवारले जाते. पण थराची जाडी फवारणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते आणि तंतू आखूड पडतात. मुख्य बांध्यासाठी ही रीत दुय्यमच.

हवा काढून रेझिन ओढून घेण्याचे पेटंट अमेरिकेत १९५०मध्येच दिले गेले होते, पण रीत रुळली ती बिल सीमन यांच्या १९९०च्या पेटंटनंतर. कोरडे कापड साच्यात रचून वरून प्लास्टिक सील करतात आणि पंपाने हवा खेचतात. रेझिन आपोआप कापडात भिनते. काच ६० टक्क्यांच्या वर जाते, पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनची वाफही कोंडली जाते. मात्र प्लास्टिकला बारीकशी गळती असली तर अख्खा बांधा वाया जाऊ शकतो.

रेझिन दरवेळी पॉलिएस्टरच असते असे नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’त लाकडाच्या गाभ्यावर काच आणि इपॉक्सी हे दुसरे रेझिन चढवले आहे. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

दुरुस्तीत इपॉक्सीची पकड फार मोलाची. घट्ट झालेल्या जुन्या थराशी नवे रेझिन एकजीव होत नाही, नुसते चिकटते. म्हणून भोकाच्या कडा जाडीच्या सुमारे बारापट रुंदीपर्यंत उतरत्या घासून घ्याव्या लागतात. मॅटचे नेहमीचे बंधक स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही. त्यामुळे इपॉक्सीबरोबर विणलेले कापडच घ्यावे. नवा बांधा पंपावर उभा राहो. फुटलेला तळ बहुतेक ठिकाणी आजही ब्रश आणि रोलरनेच सांधला जातो.