वसंत देसाई : उमेदवारीतून घडलेला संगीतकार

वसंत देसाई ह्यांचे नाव निघाले की जाणते रसिक ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) मधला अमीर खाँसाहेबांचा आवाज आठवतात, नाहीतर ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) मधली बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. आठवावीच. पण आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आम्हांस देसाई दुसऱ्या वाटेने जवळचे वाटतात. त्यांनी आपल्या धंद्यात खरीखुरी उमेदवारी केली होती.

१९१२ साली सावंतवाडी भागातील सोनवडे गावी त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरास प्रभात कंपनीत ते शिरले, तेव्हा चित्रपट अजून मुका होता. ‘खुनी खंजर’ (१९३०) मध्ये त्यांनी काम केले, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये गायिले, आणि पुढे गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव अशा जाणत्यांच्या हाताखाली राबले. कारखान्यात जो प्रत्येक खात्यातून फिरून येतो, त्याला यंत्र कुठे अडते ते कळते. देसाईंचे तसेच झाले. व्ही. शांताराम ह्यांनी प्रभात सोडून राजकमल काढले, तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर होते. ‘शकुंतला’ (१९४३) पासून त्यांचे नाव झाले.

मग ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) मध्ये लावणी व शाहिरी आली. पुढे विद्याधर गोखले ह्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) व ‘जय जय गौरीशंकर’ ह्या नाटकांची पदे आली. ही दोन कामे एक नव्हेत. चित्रपटाचे गाणे तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवून कायमचे बंद करावयाचे. नाट्यपद मात्र नटाच्या हाती मोकळे द्यावयाचे, त्याने रोज रात्री ते नव्याने वाढवावे आणि प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ म्हणून पुन्हा मागावे. एकाच माणसाला दोन्ही साधणे दुर्मिळ.

तरीही आमच्या मते त्यांचे सर्वांत अवघड काम सामुदायिक गाण्याचे. मोर्चात गाणे उचलून पाहिलेल्यांस ठाऊक असेल : चाल थोडी उंच गेली की निम्मे गळे गप्प होतात, आणि ताना घातल्या तर सगळेच. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील प्रार्थना पुढे कितीतरी शाळांची प्रार्थना झाली. ‘छोटा जवान’ (१९६३) मधील माडगूळकरांचे समरगीत पोराटोरांच्या तोंडी बसले. शाळेतल्या मुलांकडून समूहगान बसवून घेण्यात देसाईंनी मनापासून कष्ट घेतले. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी ह्यांनी गायिलेल्या संस्कृत मैत्रीगीताची चालही त्यांचीच. ती ऐकावी, ‘गुड्डी’ (१९७१) मधील प्रार्थना ऐकावी, आणि साधेपणास किती विद्या लागते ते पाहावे.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

आता हिशेबाची गोष्ट, कारण ती आमचीच आहे. मोल देऊन करवून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा पहिला धनी निर्माता, तसा करार नसेल तर संगीतकाराचा त्यावर हक्क उरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. म्हणजे चाल जन्मभर वाजो, करणाऱ्याची मजुरी एकदाच. गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा कोणालाही लिहून घेता येऊ नये, अशी दुरुस्ती कायद्यात झाली ती २०१२ साली. देसाईंना जाऊन तेव्हा ३६ वर्षे लोटली होती.